फळ्याला गाऱ्हाणं

शाळेत भांडायला जायचं तर चांगली साडी नेसून जावं, असं मथुराबाईचं मत. मळक्या साडीतल्या बाईचं कोण ऐकून घेतं? आधी तिला 'कुणाकडे आलीस' विचारतात, मग 'काय काम' विचारतात आणि शेवटी 'उद्या ये' म्हणतात. म्हणून गौरीगणपती सरले, चाकरमानी मुंबईला परतले, तशी दुसऱ्याच सकाळी मथुराबाईने गौरीसाठी घेतलेली जांभळी साडी नेसली, केसांना खोबरेल लावलं आणि आंब्याच्या बागेतून उतरणीने शाळेकडे निघाली.

वाटेत शेजारची जनी भेटली. "काकी, येवढी नटून कुठं गो?"

"बारशाला."

"कुणाच्या?"

"शाळेतल्या नव्या बाईच्या. नावं ठेवायची हायत तिला."

जनी हसली, पण बाजूला झाली. मथुराबाई चालायला लागली की वाडीतली कुत्रीसुद्धा वाट देतात.

नवी बाई म्हणजे मृणाली. देवरुखकडची पोरगी, लग्न व्हायचं होतं, वाडीतच एक खोली घेऊन राहायची. गेल्या वर्षी या शाळेत आली आणि आल्याआल्या तिने बाकं भिंतीला सारून ठेवली. पोरं जमिनीवर. फणसाच्या आठळ्या मोजा, माडाच्या हिरांच्या जुड्या बांधा, खडूने अंगणभर नकाशा काढा आणि त्यावर लंगडी घाला. या सगळ्याचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर पडत, आणि ग्रुपवर पडलेलं काय वाडीत थोडंच राहतं? ते थेट नालासोपाऱ्याला गेलं, मथुराबाईच्या मुलाच्या फोनात.

मुलगा संदेश. त्याची बायको श्रद्धा. त्यांची थोरली लेक अक्षया तिसरीत होती आणि आजीपाशी वाढत होती. धाकट्याच्या वेळी श्रद्धाला डॉक्टरने झोपून राहायला सांगितलं, तेव्हा अक्षयाला गावी आणून ठेवली ती ठेवलीच. पुढे खोली लहान, सुनेची नोकरी, पाळणाघराचा त्रास. मुंबईत कारणांना काय तोटा? मथुराबाईने कधी कुरकुर केली नाही. नवरा गेल्यावर घरात भांडायला कोणी उरलं नव्हतं, ती जागा या पोरीने भरून काढली होती. रात्री कुशीत झोपायची, सकाळी वेणी घालताना कुरकुरायची, आणि भाताचं पहिलं वाढप आजीने घ्यावं म्हणून हटून बसायची.

गणपतीत संदेश आला आणि त्याने फोन आईपुढे धरला. त्यात अक्षया एका पायावर उड्या मारत खेडहून रत्नागिरीला चालली होती.

"आये, ही शाळा हाय का जत्रा? तिसरीतली पोर, अजून अडखळत वाचते. आता आमी मोठी खोली घेतलीय. येत्या जूनला तिला नेताव आमी."

श्रद्धा मोदकांच्या कळ्या पाडत बसली होती. ती काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे.

मथुराबाईने फोन बाजूला सारला. "शिमग्यापर्यंत कळ काढ," ती म्हणाली. "तवर पोर घडाघडा वाचाय लागली नाय, तर तुझी तू ने. लागली तर मंग तिला हलवायचं नाव काढायचं नाय."

"बरं," संदेश म्हणाला.

तर असं होतं. मृणालीबाईने उड्या मारायचं थांबवून पोरांना शिकवलं, तर अक्षया राहील. नाही तर घर रिकामं. जांभळी साडी उगाच निघाली नव्हती.

शाळेच्या दाराशी आल्यावर मथुराबाईच्या कानावर जे आलं, त्याने तिचे पाय उंबऱ्यातच थांबले. आत गाऱ्हाणं चाललं होतं.

गाऱ्हाणं कोकणातल्या माणसाला सांगायला नको. शिमग्यात पालखी दारात आली, नाही तर घरात कसलं कार्य निघालं, की एक जाणता पुढे होऊन देवाला सगळं उभ्याने सांगतो. कोण आलंय, कशासाठी आलंय, कुणाचं काय अडलंय. आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून जमलेली माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वाडीत ते काम मथुराबाईचा दीर सखाराम करायचा. पण इथे सखारामाच्या जागी चौथीतला सर्वेश उभा होता, पोट पुढे काढून, अगदी सखारामासारखा.

"बा देवा म्हाराजा," सर्वेशने सूर लावला, "आज तिसरीची नि चौथीची पोरं तुझ्या पायाशी गोळा झाली हायत!"

"व्हय म्हाराजा!"

"झाडाची मुळं जमिनीतनं पानी वडून घेतात!"

"व्हय म्हाराजा!"

"नि पानं उन्हात अन्न शिजवतात!"

"व्हय म्हाराजा!"

कौलं हलतील असा आवाज. मथुराबाईच्या ओठावरसुद्धा 'व्हय' आलं होतं, तिने ते गिळलं. बाई एका कोपऱ्यात बसून पोरांबरोबर म्हणत होती, गाल लाल झाले होते. मजा होती खरी. मग मथुराबाईने आपली नात शोधली. अक्षया मागच्या ओळीत होती. 'व्हय म्हाराजा' आलं की तोंड उघडायचं आणि मिटायचं, डोळे मात्र भिंतीवरच्या पालीवर. पाल माशीवर टपली होती आणि अक्षया पालीवर.

सर्वेश श्वास घ्यायला थांबला. तेवढ्यात दारातून मथुराबाईने आपला आवाज लावला. भात झोडताना शेताच्या पलीकडे जायचा, तो आवाज.

"नि आज शाळेत ह्या पोरांच्या डोक्यात काय बी शिरलं नाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग एकमुखाने म्हणाला.

बाईसुद्धा म्हणाली. म्हणून झाल्यावर तिचा हात तोंडावर गेला.

"घ्या," मथुराबाई म्हणाली. "आता मी काय वेगळं सांगू? तुमची पोरंच सांगतायत."

पोरांची ट्यूब पेटायला वेळ लागला. मग सर्वेशला कळलं आणि तो खो खो हसत सुटला, मग सगळीच. अक्षया मात्र हसली नाही. आजीला शाळेत बघून ती भिंतीला चिकटली.

मृणालीबाईने पोरांना खिचडीच्या ताटल्या मांडायला पाठवलं आणि मथुराबाईला पडवीत बसवलं. रडली नाही की चिडली नाही, हातातला खडू बोटांत फिरवत राहिली. मथुराबाईला ते आवडलं, पण आवडलं म्हणून भांडण थोडंच सोडायचं? तिने मुलाचं सांगितलं, जूनचं सांगितलं, शिमग्याची मुदत सांगितली.

"काकी, मी आले तेव्हा ही मुलं तोंड उघडत नव्हती हो," बाई म्हणाली. "फळ्यावरचं पाटीवर उतरवायचं आणि घंटेची वाट बघायची. मग शिमग्यात मी तुमच्या वाडीतलं गाऱ्हाणं ऐकलं. वाटलं, हे यांच्या तोंडात आयतं आहे, यातच धडा घालावा. तर वर्ग बोलायला लागला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू."

"बोलतोय ना. भजनात मागं बसून नुसते ओठ हलवनारे असतात, तसा. टाळांच्या आवाजात कळत नाय कोन गातोय नि कोन पेंगतोय. माझी नात बघितलीत तुमी?"

बाईने खडू खाली ठेवला.

"पालीकडं बघत व्हती. तुमी पन 'व्हय' म्हनालात, मी ऐकलं."

"म्हणाले," बाईने कबूल केलं. मग एकदम हसली. "तुम्ही एवढ्या ठसक्यात म्हणालात, की न म्हणून करते काय?"

"आता काय, बाकं लावनार का परत?"

"नाही," बाई म्हणाली. "बाकं नाही लावणार. पण तुम्ही आज जे केलंत ना, ते मी रोज करणार. थोडे दिवस द्या मला."

मथुराबाईने काय केलं होतं, तर वाकडं बोलली होती. ते रोज कसं करणार, हे तिला उमजेना. ती घरी आली आणि साडी घडी करून ठेवली. परत लागेल, असंच तिला वाटत होतं.

बाईने केलं ते असं. गाऱ्हाणं चालूच ठेवलं, पण आता त्यात ती मधेच खोटं घालायची. 'मुळं हवेत असतात' म्हणायची, नाही तर 'पावस हे गाव गोव्यात आहे' म्हणायची, त्याच सुरात, त्याच ठसक्यात. खोट्याला जो 'व्हय म्हाराजा' म्हणेल, त्याने उठून वर्गाला एक फेरी मारायची, कोंबड्यासारखी. आणि ज्याला खोटं सापडेल त्याने ओरडायचं, "नाय म्हाराजा!" पण नुसतं 'नाय' म्हणून सुटका नव्हती. नाय म्हणणाऱ्याने उभं राहून खरं काय ते सांगायचं. सांगता आलं, की पुढचं गाऱ्हाणं त्याचं.

पहिले काही दिवस वर्गात नुसती कोंबडी फिरत होती. जन्मात कुणी गाऱ्हाण्याला नाय म्हटलं नव्हतं. जीभच वळेना. सर्वेशने एकदा धीर करून 'ना' म्हटलं आणि 'य' घशातच ठेवला.

आणि मग एक दिवस अक्षया घरी आली ती नाचतच. "आजी, आज मी नाय म्हनाले. बाई बोलल्या चंद्र आपल्या उजेडानं चमकतो. सगळी व्हय बोलली. मी एकटी नाय बोलले."

"मंग कुनाच्या उजेडानं चमकतो?"

"सूर्याच्या. उद्या गाऱ्हानं माझं. मला खोटं शोधून ने, असं बाई बोलल्या."

इथून घरातली शांतता गेली. कारण चांगलं खोटं घालायचं तर आधी खरं ठाऊक लागतं, आणि खरं पुस्तकात. पोर पुस्तक उघडून बसायला लागली. आधी बोट ठेवून, मग बोटाशिवाय. पुस्तक संपलं तशी भिंतीवरचं कॅलेंडर, मग खताच्या गोणीवरचं, मग आजीच्या गुडघ्यांच्या गोळ्यांच्या डबीवरचं. एकदा जनी वाटी घेऊन साखर मागायला आली. मथुराबाई म्हणाली, "अगो, आजच संपली बघ." आतून बारीक आवाज आला, "नाय म्हाराजा, निळ्या डब्यात अर्धी हाय."

जनी वाटी भरून घेऊन गेली आणि वाडीभर सांगत सुटली.

मथुराबाई पोरीला बोल बोल बोलली. पण रात्री तिला झोपलेली बघून तिच्या मनात आलं, आता संदेशने फोन करावाच.

ही गोष्ट सखारामाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. सखाराम तसा गरीब माणूस, पण गाऱ्हाण्याच्या बाबतीत राजा. बापाने त्याला शिकवलं, बापाला आज्याने. तो संतापून शाळेत गेला, त्याच्यामागून चार माणसं गेली, आणि त्यांच्यामागून मथुराबाई गेली. तमाशा असेल तिथे मागे राहायची तिची रीत नव्हती.

"बाई, तुमी परगावच्या, तुमाला ठावं नाय," सखाराम म्हणाला. "गाऱ्हान्याला नाय म्हनत नाय कोन. देवाचं काम हाय ते. तुमी पोरांच्या तोंडी नाय घातलंत. उद्या वाडीवर काय आलं तर भरून कोन देनार?"

मृणालीबाईचा चेहरा पडला. "काका, मी देवाची थट्टा नाही हो केली. चुकलं असेल तर उद्यापासून बंद करते."

चारही माणसांनी माना हलवल्या. झालं, मिटलं, असं वाटून सखाराम वळला. आणि मथुराबाईच्या डोळ्यांपुढे आला मुंबईला निघालेल्या गाडीचा डबा, त्यात खिडकीशी अक्षया. बंद करते म्हणे.

"थांब सखाराम," ती म्हणाली. "मला एक सांग. खोट्याला व्हय म्हटलं की खूश व्हतो, नि खरं सांगितलं की कोपतो, असा देव तू कुठं बघितलास?"

"वयनी, तू मधी पडू नको."

"पडनार. मागल्या शिमग्यात तू देवाला काय सांगितलंस? 'सगळी भावकी एका जिवानं नांदतेय म्हाराजा.' आमी सगळे व्हय म्हनालाव. त्याच्या आदल्या दिवशी तू बांधावरनं आपल्या चुलत्याला कोयती दाखवली व्हतीस. तवा देव कोपला?"

मागच्या चारांतला एक खोकला. खोकला की हसला, कळायला मार्ग नव्हता.

सखाराम लाल झाला. पण दीर-भावजयीचं नातं जुनं. ती काय बोलते त्यापेक्षा ती कशापायी बोलते, हे त्याला कळायचं. तो पडवीच्या पायरीवर बसला. "मंग देवाचं नाव तरी घेऊ नका," तो म्हणाला. "तेवढं मी चालून देनार नाय."

"मग कुणाचं घेऊ?" बाईने विचारलं. तिने खरंच विचारलं होतं.

सखारामाने वर्गात नजर फिरवली. "ह्या फळ्याचं घ्या. काळा हाय, उभा हाय, बोलत नाय. चालेल त्याला."

तेव्हापासून शाळेत फळ्याला गाऱ्हाणं सुरू झालं. "बा फळ्या म्हाराजा, आज तुझी लेकरं भागाकाराला बसली हायत, त्यांना शेवटापर्यंत ने!" सखाराम स्वतः एका दुपारी येऊन पोरांना सूर कुठे चढवायचा आणि कुठे सोडायचा ते दाखवून गेला. त्यानेही एक खोटं घातलं. पोरांनी ते लगेच पकडलं आणि त्याला कोंबडा करून फिरवलं.

थंडी पडली, मोहोर आला. संदेशचा फोन आला की मथुराबाई अक्षयाला पुढे करायची. ती बापाला पेपर वाचून दाखवायची, न अडखळता, आणि मधेच एखादी बातमी बनवून घालायची.

"वाचते गो आये," संदेश म्हणाला. आवाजात नवल होतं, आणि आणखी काहीतरी होतं, ते मथुराबाईने ऐकलं नाही. "बाईंचं खरं हाय म्हनायचं."

"मंग? बोललो व्हतो ना?"

"शिमग्याला येतो तवा बोलू."

बोलायचं काय उरलंय, असं मथुराबाईला वाटलं. पैज तिने जिंकली होती.

शिमग्याला संदेश आला, श्रद्धा आली, धाकटा आला. पालखी घरी यायच्या दिवशी मथुराबाईने दारापुढचं खळं सारवलं, रांगोळी काढली आणि सखारामाला सकाळीच गाठून कानात सांगून ठेवलं. गाऱ्हाण्यात काय घालायचं ते घरच्या माणसाने आधी सांगायची रीतच असते. सखाराम ऐकून म्हणाला, "संदेशला इचारलंस?"

"पैज झालीय आमची. तू घाल. देवापुढं झालं म्हंजे पक्कं झालं."

ढोल वाजत पालखी आली, नाचली, खळ्यात पाटावर बसली. वाडी जमली. मृणालीबाईही आली होती, जनीच्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन उभी. श्रद्धाने ओटीचं ताट धरलं होतं. सखाराम नारळ हातात घेऊन पुढे झाला.

"बा देवा म्हाराजा, सालाबादप्रमानं तुझी पालखी ह्या दारात आली!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरची लेकरं मुंबईवरनं तुझ्या पायाशी आली हायत, त्यांच्या कामाधंद्याला यश दे!"

"व्हय म्हाराजा!"

"नि ही नात अक्षया आजीपाशी सुखानं ऱ्हायलीय. तिला हितनं कुठं जायाचं नाय. हितंच ऱ्हाऊन शिकून मोठी व्हावी, अशी तिच्या मनीची इच्छा हाय, ती पुरी कर!"

"व्हय म्हाराजा!"

आणि त्या आवाजाच्या शेपटीला, सगळे थांबल्यावर, एक बारीक आवाज आला. "नाय म्हाराजा."

ढोलवाल्याने उचललेली काठी तशीच राहिली. सगळ्यांच्या माना वळल्या. अक्षया आजीच्या शेजारी उभी होती आणि आपण काय बोललो हे तिला आत्ता कळत होतं. शाळेत तिला अशा वेळी पुढचं येत असे.

सखारामाने वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा दगड झाला होता. मग तो पोरीकडे वळला, आणि शाळेत गेलेला असल्यामुळे म्हणा की काय, त्याने नारळ खाली घेतला आणि हळू विचारलं, "मंग खरं काय गो बाय?"

अक्षया पालखीकडे बघून बोलली. माणसांकडे बघणं तिला जमलं नसतं. "मला आयपाशी जायाचंय. शाळा चांगली हाय. आजी बी चांगली हाय. पन रातीचं मला आयची आठवन येते. आजीला वायट वाटंल म्हनून मी सांगत नाय."

श्रद्धाच्या हातातलं ताट कलंडलं, तांदूळ खळ्यात सांडले. ते गोळा करायला ती खाली बसली ती उठलीच नाही. पदर तोंडात धरून तिथेच रडत राहिली. संदेश तिच्याजवळ जायला निघाला आणि मधेच थांबला.

मथुराबाईने पालखीवर फुलं वाहिली, नारळ फोडायची खूण केली. देव ताटकळत ठेवायचा नसतो. पालखी उठली, जनीच्या दारी गेली, आणि वाडी तिच्यामागून गेली. मग मथुराबाई घरात शिरली आणि चुलीपुढे बसली.

काय काय आलं तिच्या मनात. सगळ्या वाडीपुढे शोभा झाली. हीच पोर, जिच्यासाठी शाळेत भांडले, दिराला कोयतीची आठवण करून दिली. शिकवा म्हटलं, शिकली. आता कुणावर ओरडायचं? आणि त्या सगळ्याच्या खाली एकच वाक्य बसलं होतं, ते काही केल्या हलेना. रातीचं मला आयची आठवन येते. कुशीत झोपून. आपल्याच कुशीत झोपून, आणि आपल्याला पत्ता नाही.

श्रद्धा येऊन दाराशी उभी राहिली. "आई, मी तिला काही शिकवलं नव्हतं हो," ती म्हणाली. "देवाशपथ."

"ते ठावं हाय मला. तू काय शिकवनार? तुला सोताला बोलाय येत नाय." मथुराबाईने चुलीतलं लाकूड उगाचच पुढे सारलं. "पोर पायजे व्हती तर पायजे म्हनायचं. शाळा वायट, वाचाय येत नाय, हे कशाला? मी येडी त्या शाळेच्या मागं लागलो सहा म्हैने."

"कुठल्या तोंडानं मागणार? मीच आणून ठेवली होती. तुम्ही तिला एवढं जपलंत. यांना म्हटलं, शाळेचं काढून बघा, तसं आईंना कमी लागेल."

"कमी लागेल," मथुराबाई म्हणाली. हसायला आलं तिला, पण ते हसू काही फार लांब गेलं नाही. तिने डोळे पुसले, धुराने येतं तसं पाणी आलं होतं, चूल विझलेली असून. मग ती उठली. "नारळ दे गो एक."

"कशाला?"

"देवाला खोटं सांगितलंय. ते तसंच ठेवू काय वर्षभर?"

जनीच्या खळ्यात पालखी अजून बसलेली होती. मथुराबाई माणसांतून वाट काढत पुढे गेली. अक्षया तिथे मृणालीबाईच्या कुशीत तोंड खुपसून उभी होती. आजीला बघून ती आणखी आत शिरली. बाईचाही चेहरा उतरला होता.

"काकी, माझ्यामुळे झालं," बाई म्हणाली.

"तुमच्यामुळंच," मथुराबाई म्हणाली. "नि पुढल्या साली बाकीच्यांना बी नीट शिकवा. ह्या वाडीत नाय म्हनता न येनारी मानसं लय हायत. आमच्या घरातच दोन हायत." मग नारळ सखारामापुढे धरला. "परत घाल. मगाचं चुकलं."

"काय घालू?"

"खरं घाल. पोर आयशीकडं चाललीय म्हनून सांग. जूनला. मे म्हैन्यात, दिवाळीत, गनपतीत हितं यील म्हनून सांग. नि..." ती अडली. माणसं वाट बघत होती. "नि म्हातारीला ते बरं वाटत नाय, पन ती आडवी येत नाय. ते बी घाल. गाळू नको."

सखारामाने नारळ उचलला आणि एकेक वाक्य घातलं, काही न गाळता. प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा' आलं, हळू, नेहमीसारखं कौलं हलवणारं नाही. म्हातारीच्या वाक्याला जनी 'व्हय' म्हणता म्हणता नाक ओढायला लागली. मथुराबाईचे कान त्या बारीक आवाजाकडे लागले होते. तो 'नाय' म्हणाला नाही.

बाईच्या पदराआडून डोकं बाहेर आलं. पोर जवळ आली, आजीची साडी धरून उभी राहिली आणि वर बघत म्हणाली, "आजी, तू व्हय म्हनाली नायस."

"म्हनतो की," मथुराबाई म्हणाली. "घाई काय पडलीय तुला."

आणि ढोल वाजायला लागायच्या आत, एकटीनेच, ती म्हणाली.